जुनी मोटार घरी उभी करताना



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. कायद्यावर मी वर्षभर गेटासमोर बोलतच असतो. म्हणून मी म्हटले, यंदा मला एका जुन्या मोटारीविषयी बोलू द्या. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पण तुमच्याकडे तर स्कूटरसुद्धा दुसऱ्याने वापरलेली आहे!" ते खरे आहे. ज्या मोटारीविषयी मी बोलणार ती माझी नाही, आणि या देशात तर मुळीच नाही. ती इंग्लंडात, ऑक्सफर्डजवळच्या एका गावी, माझ्या भाच्याच्या घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. परंतु तिच्या पोटाखाली मी दोन महिने उताणा पडलो होतो. तेव्हा तिच्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला पोचतो असे मी समजतो.

माझे शिक्षण नववीपर्यंत. सोळाव्या वर्षी मी सोलापुरात एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या दर दहा गाड्यांत सहा-सात अँबॅसिडर असत. पाना धुऊन देणे, चहा आणणे, मिस्त्रींच्या हातात न मागता नेमके हवे ते हत्यार ठेवणे, या पायऱ्या चढत मी इंजिनापर्यंत पोचलो. पुढे कारखान्यात फिटर झालो, तेथून युनियनमध्ये आलो. वाचायला शिकलो तो नगरवाचनालयात, आणि तेही बरेच उशिरा. हे एवढ्यासाठी सांगितले, की पुढे जे बोलणार आहे त्यातले निम्मे पुस्तकातले आणि निम्मे तेलकट हातांचे आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

भाच्याने २०२० साली, टाळेबंदीच्या दिवसांत, १९७० सालची एक एम्.जी.बी. विकत घेतली. फोनवर म्हणाला, "मामा, बारा वर्षे एका शेतकऱ्याच्या कोठारात पडून होती, म्हणून स्वस्त मिळाली." मी म्हटले, "बारा वर्षे पडून होती ना? मग स्वस्त नाही मिळाली." पुढच्या चार वर्षांत यातला कोणता बरोबर ठरला ते मी सांगणार नाही. आकडा भाचेसुनेच्या कानावर जाऊ द्यायचा नाही अशी त्याने मला गळ घातली आहे.

आता ही एम्.जी.बी. काय चीज आहे ते पाहू. एम्.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस हा इंग्रज मोटारकारखानदार. ऑक्सफर्डमधल्या त्याच्या विक्री-दुरुस्तीच्या दुकानाचा व्यवस्थापक सेसिल किंबर. या किंबरने मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांवर हलकी, बसकी, चपळ अंगे चढवायला सुरुवात केली, आणि त्यातून हे घराणे जन्मले. म्हणजे पाहा, फेरफार करणे हा या गाडीचा जन्मापासूनचा धर्म आहे. १९२९ साली कारखाना ऑक्सफर्डजवळ अॅबिंग्डन या लहानशा गावी, एका जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या जागेत गेला. एम्.जी.बी. तेथे १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे तयार झाली, पाच लाखांहून अधिक. दोन माणसांची गाडी, वर कापडाचे छप्पर, पुढे लांब नाक. १९६५ पासून पक्क्या छपराचीही निघाली. आज आपल्या रस्त्यांवर अष्टकोनी बिल्ल्याच्या ज्या एम्.जी. गाड्या दिसतात त्या गुजरातेत हालोलला तयार होतात आणि नावाची मालकी एका चिनी कंपनीकडे आहे. त्यांचा आणि या गाडीचा संबंध बिल्ल्यापुरता.

परंतु आपला एक जुना संबंध आहे, आणि तो खरा आहे. १९५५ साली अॅबिंग्डनहून एम्.जी.ए. नावाची गाडी निघाली. तिच्यात १४८९ सी.सी.चे, बी-सिरीज म्हणून ओळखले जाणारे इंजिन होते. तेच घराणे, तेवढ्याच मापाचे, १९५९ पासून आपल्या अँबॅसिडरमध्ये बसू लागले. एम्.जी.बी.साठी इंग्रजांनी ते वाढवून १७९८ सी.सी.चे केले आणि एकाऐवजी दोन कार्बोरेटर दिले, एवढाच फरक. तेव्हा ज्या इंजिनाने तुमच्याआमच्या गावच्या कलेक्टरांना, डॉक्टरांना आणि लग्नाच्या वऱ्हाडांना वाहून नेले, त्याचाच थोरला भाऊ तिकडे तरुणांना वाऱ्यावर स्वार करीत होता. भाच्याने पहिल्या दिवशी फोनच्या पडद्यावर बॉनेटखालचा भाग दाखवला तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. डेल्को कुठे, डिपस्टिक कुठे, टॅपेट-कव्हरच्या दोन गुंड्या कुठे, सगळे मला अंधारात सापडले असते.

अशी मोटार माणूस घरी उभी करू शकतो, याचे कारण तिच्या घडणीत आहे. ती पोलादाच्या पत्र्याची आहे. बहुतेक जोड नटबोल्टचे आहेत. अर्धा इंच, सात-सोळांश, नऊ-सोळांश असे मोजके इंची पाने जवळ असले की तिचा बराचसा भाग उकलता येतो. तिच्यात संगणक नाही. जे बिघडते ते दिसते, वाजते किंवा गळते. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले की काळे प्लास्टिकचे झाकण दिसते, आणि त्यावर जणू अदृश्य अक्षरांत 'आत येण्यास मनाई' असे लिहिलेले असते. माझ्या मते हा फरक केवळ यंत्राचा नाही. वस्तू विकत घेणाऱ्याला ती उघडण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न आज जगभर कायदेमंडळांपुढे आहे.

आता थोडे अॅबिंग्डनकडे वळतो. युनियनच्या माणसाला ते टाळता येत नाही. तेथे पत्रा ठोकला जात नसे, इंजिनही ओतले जात नसे. अंगे एका गावाहून, इंजिने दुसऱ्या गावाहून येत, आणि अॅबिंग्डनला जोडणी होई. सरकता पट्टा नव्हता. एका टप्प्याचे काम झाले की कामगार गाडी हाताने ढकलून पुढच्या टप्प्यावर नेत. हजारावर माणसे कामाला होती आणि त्या काळच्या ब्रिटिश मोटारधंद्यातल्या संपांच्या धुमाळीतही या कारखान्याचा लौकिक शांततेचा होता. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने कारखान्याचा सुवर्णमहोत्सव साजरा केला. सोहळा संपतो न संपतो तोच, १० सप्टेंबरला, मालक कंपनीने म्हणजे ब्रिटिश लेलँडने तेथे एम्.जी. बनवणे थांबवणार असल्याचे जाहीर केले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत नुकसान येते असे तिचे म्हणणे होते. कामगारांनी आणि गाडीच्या चाहत्यांनी लंडनमध्ये मोर्चा काढला. कारखाना विकत घेऊ पाहणारी एक मंडळीही पुढे आली, पण तो व्यवहार तुटला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एम्.जी.बी. बाहेर पडली. आमच्या चळवळीत एक समज असतो, की संप केला म्हणून कारखाना गेला. अॅबिंग्डनच्या लोकांनी तर शिस्तीने काम केले होते. त्यांचाही गेला.

कारखाना गेला, तरी गाडीच्या जोडणीची विद्या गेली नाही. ती शेडांत, मालकांच्या मंडळांत आणि जुन्या मार्गदर्शिकांत शिल्लक राहिली. एम्.जी. कार क्लब १९३० पासूनचा, ओनर्स क्लब १९७३ चा. पुढे तर चमत्कारच घडला. १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने मूळ साचे गोळा करून फॅरिंग्डन गावी एम्.जी.बी.चे संपूर्ण पोलादी अंग पुन्हा नव्याने तयार करायला घेतले. कारखाना बंद पडल्यावर आठ वर्षांनी! मोटारीच्या इतिहासात असे क्वचितच झाले असेल. आमच्या कामाच्या वेळी डाव्या दाराचे आतले अस्तर काढले, तर पत्र्यावर मेणखडूने मारलेली एक फुली निघाली. तपासणाऱ्या कुणा कामगाराची असावी. भाच्याने रंग देताना तेवढी जागा चिकटपट्टीने झाकून ठेवली.

आता मुख्य कामाकडे येऊ. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार म्हणतात तेव्हा पुष्कळदा काय होते ते आपण पाहतो. कोरीव दगडावर ऑइलपेंट फासतात, पुढे सिमेंटची कमान येते, आणि वर्गणीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसते. मोटारीच्या जीर्णोद्धाराचेही असेच हाल होतात. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून जे अंग झाले तोच तिचा कणा. त्यातही सारी मदार दोन्ही दारांखालच्या लांब पेट्यांवर. इंग्रज तिला सिल म्हणतात, आपण उंबरठा म्हणू. वरचे छप्पर कापडाचे, म्हणजे वरून आधार शून्य. गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग यांना धरून ठेवणारे हे दोन उंबरठेच.

हा उंबरठा तीन पदरांचा असतो : बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतला पत्रा. खाली किल्ल्याच्या तटासारखे दाते असलेली एक पट्टी, तिला कॅसल रेल असेच नाव आहे. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ गोठू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी चाकांनी उडून या पेटीत शिरते, आत चिखल साचतो, आणि पेटी आतून बाहेर कुजत येते. बाहेरून दिसेपर्यंत आतला पडदा संपलेला असतो. मग कोणी कारागीर काय करतो? कुजलेल्या उंबरठ्यावर एक नवा चकचकीत पत्रा डाग देऊन बसवतो, वर लांबी भरतो, रंग मारतो. गोधडीवर नवे ठिगळ लावावे तसे. गोधडीला ते चालते, कारण गोधडीत बसून कोणी ताशी साठ मैलांनी जात नाही.

घेणाऱ्याने म्हणून एक लोहचुंबक रुमालात गुंडाळून खिशात ठेवावा आणि दाराखाली, चाकांच्या कमानींवर फिरवावा. पत्रा असेल तेथे तो धरतो, लांबी असेल तेथे गळून पडतो. भाच्याने गाडी घेतली तेव्हा चुंबक नेला नव्हता. मी गेल्यावर फिरवला. डाव्या बाजूला तो आठ ठिकाणी पडला.

मी तेथे गेलो तो २०२२ च्या उन्हाळ्यात. तिकीट त्यानेच काढले. मी पोचलो त्या दिवशी तो दोन्ही उंबरठे एकदम कापायच्या तयारीत होता. ग्राइंडर हातात, कानांवर गाणी. मी वायर ओढून काढली. छप्पर नसलेल्या गाडीचे दोन्ही उंबरठे कापले म्हणजे ती मधोमध वाकते, आणि वाकलेल्या अवस्थेत नवे उंबरठे जोडले तर ती जन्मभर वाकलेलीच राहते. दारे मग कधीच लागत नाहीत. रीत अशी आहे : दार काढायच्या आधी त्याच्या चारही बाजूंची फट मोजून लिहून ठेवायची. मग दाराच्या चौकटीत, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, चौकोनी नळीचा आडवा टेकू पक्का करायचा. गाडी सपाट जमिनीवर समपातळीत ठेवायची. एकाच बाजूला हात घालायचा. कारखान्यातले ठिपक्यांचे डाग ड्रिलने एकेक पोखरून जुना पत्रा सोडवायचा. नवा पत्रा आधी शिकंज्यांनी नुसता धरायचा, दार पुन्हा टांगून पाहायचे, फट मोजायची, आणि मग वेल्डिंग. तेही सलग ओढायचे नाही. येथे एक इंच, तेथे एक इंच, नाहीतर उष्णतेने पत्रा पापडासारखा उठतो. दार आम्ही किती वेळा टांगले आणि उतरवले याची गणती नाही. एका बाजूला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी दार एका बोटाने लागले तेव्हा भाचा काही बोलला नाही, फक्त ते आणखी चार वेळा उघडून लावले.

येथे मला थोडे थांबून एका गोष्टीवर बोलायचे आहे, आणि ती मी कुठेही बोलताना सोडत नाही. सतराव्या वर्षी, सोलापूरच्या त्या गॅरेजात, आम्ही एका अँबॅसिडरचा गिअरबॉक्स उतरवीत होतो. गाडी जॅकवर होती आणि आधाराला विटा रचल्या होत्या. लोखंडी घोड्या मालकाला महाग वाटत. वीट फुटली. मिस्त्रींनी माझा पाय धरून मला बाहेर खेचले. माझ्याबरोबरच्या पोराचा हात आत राहिला. त्याची तीन बोटे गेली. मालकाने दोनशे रुपये दिले आणि बरे वाटेपर्यंत घरी बसायला सांगितले. मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो होतो. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा गिरणी कामगार होता, त्याने विचारले, "पोरांनो, तुमची युनियन कोणती?" तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

घरातल्या शेडमध्ये युनियन नसते. कारखाना निरीक्षक नसतो. तुम्हीच मालक, तुम्हीच मुकादम आणि तुम्हीच मजूर, आणि यांपैकी मालक नेहमी घाईत असतो. म्हणून सांगतो : विटा, सिमेंटचे ठोकळे, नुसता जॅक, यांच्या भरवशावर गाडीखाली कोणी जाऊ नये. घोड्या लावाव्यात, गाडी हाताने हलवून पाहावी, आणि मगच आत सरकावे. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण तिच्यात वाफ असते. पत्र्याखाली गंज रोखण्यासाठी फासलेले डांबरी लेपन पेट घेते, तेव्हा शेजारी पाण्याची बादली आणि एक जागा माणूस हवा.

दिसत नाही ते याहून वाईट. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात आणि क्लचच्या तबकडीत अॅस्बेस्टॉस असे. ब्रिटनने त्यावर १९९९ साली पूर्ण बंदी घातली, पण १९७० च्या गाडीत आधीचे अस्तर असू शकते. ब्रेकचा ड्रम उघडला की आत करडी भुकटी दिसते. आम्ही गॅरेजात ती तोंडाने फुंकायचो! हवेच्या नळीने उडवायचो! त्या तंतूंनी होणारा रोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. ती भुकटी ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, फुंकू नये. रंगाचेही तसेच. कडक होणारा जो दोन डब्यांचा रंग येतो, त्याच्या कडकारीत आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे त्याचा थोडासा वासही बाधतो. साधा कापडी मुखवटा त्यापुढे निरुपयोगी. बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो. भाच्याचा हट्ट रंग घरीच मारायचा होता. मी म्हटले, सगळे घरी कर, हे एक काम बाहेर दे. त्याने ऐकले.

इंजिनाचे काम त्या मानाने सरळ गेले. सिलिंडर झिजले होते, ते वर्कशॉपात तीस थाऊ वाढवून नवे पिस्टन घातले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. हेड मात्र विचार करून करावे लागले. पूर्वीच्या पेट्रोलात शिसे असे, आणि ते जळून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरी. त्या थरावर व्हॉल्व्ह आपटे, म्हणून बैठक झिजत नसे. ब्रिटनमध्ये शिशाचे पेट्रोल २००० सालच्या आरंभापासून बंद झाले, आपल्याकडेही त्याच वर्षी. लहान मुलांच्या मेंदूचा विचार करता ते झाले हे उत्तमच. पण जुन्या इंजिनात आता कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्या लागतात. शिवाय आता पेट्रोलात इथेनॉल आले. इंग्लंडात २०२१ पासून साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत, आपल्याकडे २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. जुने रबर त्याने मऊ पडून चिरते. पेट्रोलच्या रबरी नळ्या म्हणून सगळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. स्वस्त काम आहे, आणि याच्यावाचून गाडी जळते.

कार्बोरेटरवर मात्र मी पाहिजे तर रात्रभर बोलेन. एम्.जी.बी.वर दोन एस्.यू. कार्बोरेटर असतात. एस्.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. (ही युनियन आमच्यातली नव्हे!) स्किनर बंधूंचे घराणे पादत्राणांच्या धंद्यातले, आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरात चामड्याचा भाता होता. पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला, तो आजही देवळाच्या घुमटासारख्या टोपीत वरखाली होतो. दट्ट्याला खाली एक निमुळती सुई, ती पेट्रोलच्या तोटीत उतरलेली. इंजिनाने हवा जास्त ओढली की दट्ट्या वर उचलला जातो, सुईचा बारीक भाग तोटीत येतो, भोवतालची फट वाढते, पेट्रोल जास्त जाते. हवा कमी झाली की दट्ट्या खाली, पेट्रोल कमी. जेवढी भूक तेवढा घास. टोपीच्या डोक्यावर दांडीत थोडे पातळ तेल असते. ते नसेल तर अॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. पुष्कळ लोक हे चमचाभर तेल विसरतात आणि मेकॅनिकला शंभर पौंड देऊन येतात.

दोन कार्बोरेटर एका सुरात लावण्यासाठी उपकरण मिळते. आम्ही रबरी नळी वापरली. एक टोक कानाला, दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी. दोन्हीकडचा सुस्कारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मग मिश्रण. दट्ट्या बोटाने पाव सूत उचलायचा. इंजिन वेग घेऊन वरच राहिले तर पेट्रोल जास्त, धापा टाकून बंद पडू लागले तर कमी. जरा उसळून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. तोटीखालची नट एकेक पैलू फिरवायची. भाच्याने आधी हे सगळे काढून संगणकाने चालणारी पेट्रोलची पिचकारी बसवायचे ठरवले होते. त्या नळीने पहिल्यांदा इंजिनाचा श्वास ऐकल्यावर तो बेत त्याने स्वतःच सोडला.

यावरून फेरफारांच्या प्रश्नावर येतो, कारण भांडणे येथे होतात. एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून निघाली तशी, स्क्रूच्या डोक्यापर्यंत तशीच हवी. दुसरा म्हणतो, माझी गाडी, मी तिच्यात विमानाचे इंजिन बसवीन. पहिल्या पक्षाला मी विचारतो, कारखान्याने स्वतः काय केले? पहिल्या इंजिनांचा क्रँक तीन बेअरिंगांवर होता, १९६४ मध्ये पाच केली. १९६७ पर्यंत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असे, मग ऋण टोक जोडू लागले आणि डायनामोच्या जागी आल्टरनेटर आला. १९७४ मध्ये अमेरिकेच्या नियमांसाठी रबरी बंपर लावले आणि गाडी इंच-दीड इंच उंच केली. त्याने तिची चाल बिघडली हे सगळेच मान्य करतात. यांतली 'मूळ' कोणती? आणि १९७० च्या सुमारास केन कॉस्टेलो नावाच्या गृहस्थाने आपल्या वर्कशॉपात एम्.जी.बी.मध्ये रोव्हर कंपनीचे साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून दाखवले. ते अॅल्युमिनियमचे, म्हणून जवळपास जुन्या लोखंडी इंजिनाएवढ्याच वजनाचे. कारखान्याने १९७३ पासून तशीच गाडी काढली आणि १९७६ पर्यंत २,५९१ बनवल्या. म्हणजे शेडमधला माणूस पुढे आणि कारखाना मागे, असेही घडले आहे.

भाच्याच्या मनात हेच मोठे इंजिन होते. मी एवढेच विचारले, "थांबणार कशी?" ब्रेक, स्प्रिंगा आणि टायर यांचा विचार न करता ताकद वाढवणे म्हणजे पोराच्या हातात धार लावून कोयता देणे. आम्ही शेवटी एक कसोटी ठरवली : जो फेरफार पत्र्याला नवे भोक न पाडता होतो आणि पुढच्या मालकाला पाने घेऊन उलटवता येतो, तो करायला हरकत नाही. त्यानुसार डेल्कोतले पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक जुळणी आली. सीटमागच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांऐवजी बारा व्होल्टची एक आली. पुढच्या दिव्यांना रिले, रेडिएटरला विजेचा पंखा, ब्रेकला सर्वो. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून एका पेटीत ठेवला आहे. सीटबेल्टच्या बाबतीत आम्ही कसोटी मोडली. जीव वाचवणाऱ्या भोकाचे पाप नाही.

इंग्लंडात २०१८ पासून चाळीस वर्षांवरील गाडीला, तिच्यात फार मोठे बदल केलेले नसतील तर, वार्षिक सक्तीच्या तपासणीतून सूट आहे. भाच्याला ती सूट लागू होती. मी फोनवर म्हटले, सूट सरकारने दिली आहे, ब्रेकने दिलेली नाही, तपासून घे. त्याने घेतली. मागच्या एका चाकाचा सिलिंडर झिरपत होता.

इंजिन प्रथम सुरू झाले तेव्हा मी तेथे नव्हतो. २०२४ सालचा मार्च महिना, येथे संध्याकाळ. फोन आला. मागे विजेच्या पेट्रोलपंपाची टकटक ऐकू येत होती. ती आधी घाईने, मग संथ, मग थांबली. भाचा म्हणाला, "मामा, सेल्फ मारतोय." दोनदा नुसता फिरला. तिसऱ्यांदा इंजिन लागले आणि मी डोळे मिटले, तर मला सोलापूरचे गॅरेज दिसले. मग कान दिले.

"एक टॅपेट वाजतोय," मी म्हटले.

"फोनवरून कळतं तुला?"

"पंधरा थाऊ ठेवलंस ना सगळ्यांना?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "कोणता कधी बघायचा तेच पुस्तकातून नीट कळलं नाही."

आमच्या मिस्त्रींना अक्षरओळख नव्हती. पण त्यांनी मला एक रीत शिकवली होती, आणि इंग्लंडच्या मार्गदर्शिकेतही तीच आहे हे मला चाळीस वर्षांनी कळले. व्हॉल्व्ह आठ. बेरीज नऊ. "इंजिन बंद कर," मी म्हटले, "थंड होऊ दे. मग कव्हर काढ. आठवा पुरा दाबलेला असेल तेव्हा पहिला बघ. सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा. कागद-पेन्सिल घे, मी थांबतो फोनवर."